वर्गांक म्हणजे आकडा नव्हे: ग्रंथालयांच्या नोंदी जोडताना या चुका टाळा

पाच-सहा ग्रंथालयांच्या याद्या एकत्र करून विकिडेटासारख्या लिंक्ड डेटाशी (दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या, यंत्राला वाचता येणाऱ्या माहितीशी) जोडायच्या, हे काम बाहेरून सोपं दिसतं. प्रत्यक्षात लाखो नोंदींचा ढीग समोर येतो. कुठे शीर्षक रोमनमध्ये, कुठे देवनागरीत, कुठे लेखकाचं आडनाव आधी. त्या ढिगात भाषा-लिपीची पर्वा न करणारी एक गोष्ट असते ती वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक. ड्युई या ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६, मग शीर्षक कोणत्याही लिपीत असो. आणि नेमका तोच आपण सगळ्यात आधी मोडतो.

कसा? फाईलवर डबल क्लिक करून. एक्सेल ०२५.४३१ चं २५.४३१ करून टाकतं. (हा खुद्द ड्युई वर्गीकरणावरच्या पुस्तकांचा वर्गांक, काय बोलावं!) इम्पोर्ट करताना वर्गांकाचा कॉलम टेक्स्ट ठेवा. शून्यं आधीच उडाली असतील तर बिंदूच्या डावीकडे तीनपेक्षा कमी अंक असलेल्या नोंदी काढा आणि पुढे शून्यं भरा. बिंदूनंतर शेवटी शून्य ड्युईत नसतंच, त्यामुळे उजवीकडची चिंता नको.

वर्गांक ड्युईच्या कोणत्या आवृत्तीतला, ही नोंद टाकून देऊ नका. १९व्या आवृत्तीत संगणकाची पुस्तकं ००१.६४ मध्ये होती. १९८९च्या २०व्या आवृत्तीत ती ००४ ते ००६ मध्ये गेली. मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या साच्यात ड्युई वर्गांक ०८२ फील्डमध्ये असतो; त्यातलं सबफील्ड २ (उपकप्पा) हेच सांगतं, आणि सॉफ्टवेअर बदलताना हमखास तेच गळतं.

गावांची नावं नुसत्या अक्षरांवरून जुळवाल तर फसाल. माझ्या स्क्रिप्टने मराठवाड्यातलं औरंगाबाद थेट बिहारच्या औरंगाबादला नेऊन जोडलं होतं. शिवाय २०२३ नंतरच्या नोंदींत छत्रपती संभाजीनगर, म्हणजे एकाच शहराचे दोन तुकडे. मला वाचवलं वर्गांकाने: महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२, बिहारचा ९५४.१२ ने सुरू होणारा. वर्गांक एक राज्य सांगतो आणि लिंक दुसरं, अशा नोंदी वेगळ्या काढल्या की चोर सापडतो.

देवनागरीचा एक छुपा त्रास: 'ॲ' एका कोडचं असतं, किंवा 'अ'ला चंद्र जोडून दोन कोडचं. डोळ्यांना सारखंच, यंत्राला वेगळं. युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी कोड-रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीनेही) ते एक होत नाहीत. बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो.

आणि स्कॉसमधलं (विषयसूच्या एकमेकींशी जोडायच्या मानकातलं) 'एक्झॅक्ट मॅच', म्हणजे 'दोन्ही तंतोतंत एकच' हे नातं, जपून वापरा. ते साखळीने पुढे जातं: अ म्हणजे ब आणि ब म्हणजे क, तर अ म्हणजे क. कुणी ४९१.४६ (मराठी भाषा) विकिडेटातल्या मराठी भाषेच्या नोंदीशी (तिचा क्रमांक क्यू १५७१) एक्झॅक्ट मॅचने जोडलं आणि तुम्ही घाईत ८९१.४६ सुद्धा तिथेच जोडलंत, तर यंत्राच्या लेखी व्याकरण आणि कविता एकच विषय. ८९१.४६ ला भाषेशी 'रिलेटेड मॅच' (नुसता संबंध) पुरे. दोन कल्पना जवळच्या आहेत पण खात्री नाही, तिथे 'क्लोज मॅच' द्या. त्याची चूक निदान साखळीने पुढे जात नाही.