डिश काढायची घाई केली नाही ते बरं

जोराचा पाऊस आला की डिशचा सिग्नल गायब. डिशचे सिग्नल ज्या केयू बँडमध्ये (रेडिओ लहरींचा एक पट्टा) येतात, त्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात, त्याला फारसा इलाज नाही. म्हणून टीव्हीला लावून इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक आणली, तर तिथे गोल चक्र फिरत बसलं! इंटरनेटचा मोठा प्लॅन घेणारच होतो, पण आधी स्पीड तपासला. राउटरजवळ मोबाइलवर ९०, टीव्हीवर जेमतेम ६ एमबीपीएस. फोर-केला, म्हणजे सगळ्यात स्पष्ट चित्राला, साधारण १५ ते २५ हवा. स्टिक टीव्हीमागे भिंतीला चिकटलेली, राउटर कपाटात. (तो तिथे मीच ठेवला होता.) एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन वायर लावून स्टिक बाहेर काढली, राउटर कपाटावर ठेवला, वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडला. चक्र थांबलं. फक्त लाइव्ह सामना स्टिकवर जरा उशिरा दिसतो; शेजारी आधी ओरडतात, आमचा चेंडू अजून हवेतच! तेवढ्यासाठी डिश ठेवली आहे.