तालमीची टीम आणि पावतीपुस्तक

आमच्या तालमीची फुटबॉल टीम केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळते. मी अकरा वर्षं तिचा खजिनदार आहे. त्याआधी गोलकीपर होतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आधीपासूनची. परवा शेजारच्या पेठेतली पोरं विचारायला आली, "काका, टीम काढायची म्हणतोय, पैशाचं कसं करायचं?" त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी खर्च मांडा, मग जर्सीचा रंग ठरवा. बहुतेक मंडळी उलटं करतात. आमचा गेल्या सीझनचा खर्च दोन लाख चाळीस हजार झाला. किट, बॉल, नोंदणीची फी, सरावाच्या मैदानाचं भाडं, मॅचच्या दिवशीचा टेम्पो, केळी, बर्फ, स्प्रे. शाहू स्टेडियम भरलं की बाहेरच्याला वाटतं, तालमी मालामाल असणार. पण तिकिटाचे पैसे स्पर्धा भरवणाऱ्याचे. खेळणाऱ्याच्या वाट्याला जिंकलो तर बक्षीस आणि हरलो तर कट्ट्यावरची चर्चा. म्हणून बक्षिसाची रक्कम जमेच्या बाजूला लिहूच नका. मिळाली तर ती वरकड.

आता जमा. आमच्या पेठेत एकशे साठ घरं वर्गणी द्यायला तयार झाली, महिना शंभर रुपये. कागदावर वर्षाचे एक लाख ब्याण्णव हजार होतात. हातात आले एक लाख छप्पन. कागद आणि हात यांच्यातली ही तफावत पहिल्या वर्षापासून धरून चाला. उरलेल्यात जर्सीवरच्या जाहिरातींचे पन्नास हजार आणि जुन्या खेळाडूंच्या मॅचच्या दिवशी जमलेले चौतीस हजार. झाली तोंडमिळवणी.

तुम्ही म्हणाल, घरोघरी फिरण्यापेक्षा एक मोठा माणूस गाठला तर? आम्हीही गाठला होता. स्टेजवर माईक हातात घेऊन त्यांनी लाख रुपये जाहीर केले, टाळ्या पडल्या, आम्ही त्या भरवशावर बाहेरचा स्ट्रायकर ठरवला. निवडणूक झाली आणि साहेबांचा फोन लागेना. स्ट्रायकरचे पैसे आम्ही चौघांनी खिशातून भरले. माझ्या घरी त्या दिवाळीला फ्रीज यायचा होता, तो राहिला. तेव्हापासून नियम एकच: चेक वटल्याशिवाय आकडा वहीत चढत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. मागे एवढी मोठी कंपनी; कंपनीनं ठरवलं आणि २०१० ला टीम बंद. इंग्लंडातला बरी हा क्लब १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या शेवटी तो एका पौंडात विकला गेला. नव्या मालकाला पैशाची तजवीज दाखवता आली नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगनं क्लबला बाहेर काढलं. एकशे साठ घरांतली तीस घरं वर्गणी चुकवतात तेव्हा मला राग येतो, पण एकशे तीस घरं एकाच दिवशी फोन बंद करत नाहीत.

परदेशी खेळाडूचं विचाराल तर खालच्या डिव्हिजनला तो मोह नको. गर्दी खुश होते हे खरं, मीही टाळ्या वाजवतो. पण मानधनावर थांबत नाही ते. खोलीचं भाडं, जेवण, तिकीट, व्हिसाची कागदं. घरमालकाला चोवीस तासांत परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती सरकारला कळवावी लागते, नाहीतर पोलीस तुमच्या दारात. तेवढ्या पैशात चौदा वर्षांखालच्या वीस पोरांचे बूट येतात.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, तरी वाचा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवलेलं असेल तर विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्याकडं जुन्या अध्यक्षांच्या नावावरच बँक खातं राहिलं होतं. ते पोराकडं पुण्याला राहायला गेले आणि ऐन सीझनमध्ये सहीसाठी मी पहाटेच्या एसटीनं चेकबुक घेऊन फिरलो. दुसरं, आपला सीझन दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडाला संपतो आणि सरकारचं वर्ष एकतीस मार्चला, म्हणजे बरोबर मध्येच. त्यामुळे दोन वह्या ठेवा, एक ऑडिटरसाठी, एक सीझनची. तिसरं, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) असेल तर देणगीदाराला स्पष्ट सांगा की दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा पैसा, हवा असेल तर बारा-ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी लागते. आणि तो पैसा पोरांच्या प्रशिक्षणाला मागा, सिनिअर टीमच्या जर्सीला नाही. कायद्यात शब्द प्रशिक्षणाचाच आहे.

पोरांची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणी प्रणालीत, जन्मतारखेसकट, वेळच्या वेळी करा. फिफाच्या नियमानं खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला. तुमचा कोण कुठवर जाईल सांगता येत नाही, पण नोंदच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? यावर बजेट मात्र बांधू नका. हा लॉटरीचा धंदा.

त्यापेक्षा दुखापतीचा पैसा बाजूला काढा. आमच्या लेफ्ट बॅकच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला तेव्हा खात्यात नऊशे रुपये होते. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून आम्ही वर्गणी काढली, त्याचे वडील समोर बसलेले असताना. आता दर महिन्याच्या वर्गणीतले दोन हजार वेगळ्या खात्यात जातात आणि त्या खात्याला तीन सह्या लागतात. फायनलला पोचलो तरी त्याला हात लावत नाही. पोरं यावरून भांडतात, भांडू देत.

वर्गणी एक तारखेलाच मागा, पगाराचा वास ताजा असतो. आणि मॅच हरल्यावरसुद्धा जा. आमच्या बोळातल्या मावशी नोट हातात धरून आधी विचारतात, "पेनल्टी कुणी घालवली?" नाव सांगितल्याशिवाय नोट सुटत नाही.

शेवटची मॅच झाली की पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती एकेक करून मोजा, दुसऱ्याला समोर बसवून. गेल्या वर्षी ४१ नंबरची गायब होती. दोन दिवस तालमीत कुणी कुणाशी नीट बोललं नाही. सापडली किटच्या बॅगेत, एका शिनगार्डच्या आत घडी घालून ठेवलेली.