मुलांचे शब्द वाढवताय? घरी या चुका टाळा

पाहुणे आले की पोराला पुढे ढकलायचं आणि "सांग बघू, हे काय?" म्हणून परीक्षा घ्यायची, ही सवय आधी सोडा. मूल आक्रसतं आणि शब्द येत असूनही गप्प बसतं.

भिंतीवरच्या तक्त्याचंही तेच. आंबा, हत्ती, लाल, पिवळा ही नावं पाठ होतात, क्रियापदं मात्र राहून जातात. ती स्वयंपाकघरात सापडतात. शेंगा चटणीचा बेत असेल त्या दिवशी पोराला जवळ बसवा. दाणे भाजताना म्हणा, "खमंग वास सुटला, आता करपायला नको." गार झाले की त्याला चोळू द्या, फोलपटं पाखडू द्या. लसूण-तिखट घालून खलबत्त्यात कुटताना विचारा, "भरड ठेवू की बारीक करू? तेल सुटलं का बघ." आपल्या सोलापुरात चटणी मिक्सरमधून काढणाऱ्याला आधीच नावं ठेवतात, त्यात हे एक कारण आणखी.

मूल म्हणालं, "मी चटणी कुटला," तर "असं नाही म्हणत" म्हणून तोडू नका. "हो, तू चटणी कुटलीस! कशात कुटलीस?" एवढं पुरतं. चूक दुरुस्त होते आणि गप्पाही पुढे सरकतात.

आजी तेलुगू, शेजार कन्नड, शाळा मराठी किंवा इंग्रजी, अशी घरं सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. "एकच भाषा बोला, पोर गोंधळेल," हा सल्ला ऐकू नका. भाषांची सरमिसळ सुरुवातीला होतेच, तो दोष नव्हे. शब्द मोजायचेच तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. आजीला तेलुगूतच बोलू द्या, तिची मोडकी मराठी ऐकवून काय मिळणार?

एकदा दाखवून सोडून देणं हीसुद्धा चूकच. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला नेलं, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) आणि बाराबंदी (मानकऱ्यांचा पांढरा पोशाख) दाखवली, फोटो काढले की विषय संपतो. घरी लाटण्याला रुमाल बांधून पोरं मिरवणूक काढतात, तेव्हा ते शब्द पुन्हा वापरा.

मोबाइलवरची बालगीतं मुलाला उत्तर देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांनुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको.

इतकं करूनही 2 वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना विचारा.