क्रुस्कल-वॉलिस: गटात तीनच नमुने, पी ०.०५८ वर अडकलेला
सोलापुरी टेरी टॉवेलांच्या तीन प्रक्रिया, प्रत्येकी तीन टॉवेल. पाण्याचा थेंब जिरायला लागलेले सेकंद मोजले. तीन किंवा जास्त गटांत फरक आहे का ते क्रमांकांवरून तपासणारी क्रुस्कल-वॉलिस चाचणी लावली. सगळ्या नोंदी लहान ते मोठ्या लावून १ ते ९ क्रमांक दिले, गटांच्या क्रमांकांच्या बेरजा ७, १५, २३. तीन गटांतला फरक डोळ्यांना दिसत होता, तरी एच (गटांतल्या फरकाचं माप) = ५.६८९ आणि पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) = ०.०५८, म्हणजे ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या जरा वर.

नोंदींचा लॉग (लॉगरिदम) घेतला, क्रमांक तेच राहिले, मग एचही तोच. सॉफ्टवेअर बदललं, उत्तर तेच. आठवडा त्यात गेला, फार जीव जळला.

दोष काय-वर्गाच्या (chi-square) अंदाजात होता, म्हणजे एचवरून पी काढायला सॉफ्टवेअर वापरतं त्या वितरणात. तो मोठ्या नमुन्यांसाठी असतो. गटात पाचपेक्षा कमी नोंदी असल्या तर त्यावर विसंबू नये.

मग हे केलं. नऊ नोंदींना एकत्र क्रमांक दिले. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत नवातून तीन (८४), उरलेल्या सहातून तीन (२०) निवडून सगळ्या १६८० वाटण्या काढल्या. प्रत्येकीचा एच काढला. ५.६८९ किंवा जास्त आलेल्या मोजल्या: ४८. तुलनेत किंचित सूट ठेवा (०.००००१), नाहीतर दशांशाच्या चुकीने बरोबरीच्या वाटण्या गळतात, माझ्या ६ गळल्या होत्या.

४८ ÷ १६८० = ०.०२९. हाच अचूक पी, ०.०५ च्या खाली.

सारख्या नोंदी असल्या तर त्यांना सरासरी क्रमांक द्या, बाकी कृती हीच. अहवालात ‘अचूक पी’ असं स्पष्ट लिहा.