सावलीतलं हिरवं कुंपण खालून उघडं पडत असेल तर

मोठ्या झाडांखालचं माझं कुंपण वर वाढायचं, खाली नुसत्या काड्या. मेंदी, दुरांटा लावले, खत वाढवलं, छाटलं. फार वैताग आला. कारण मेंदी आणि दुरांटा, दोन्हींना भरपूर ऊन लागतं.

शेवटी आधी ऊन कुठे, किती वेळ पडतं ते पाहिलं. काही तास ऊन मिळणाऱ्या भागात कामिनी लावली, नुसता उजेड असलेल्या भागात शेफ्लेरा. (कडक दंव पडत असेल तर ही दोन्ही नकोत.) चरात कंपोस्ट मिसळून, 60 सेंमी अंतराने, दोन ओळींत एकाआड एक रोपं. रोपांनी जीव धरल्यावर शेंडे खुडले, त्यामुळे खालून फांद्या फुटल्या. छाटताना माथा बुडापेक्षा अरुंदच ठेवा, नाहीतर खालच्या पानांना उजेड मिळत नाही. आणि मोठ्या झाडांची मुळं पाणी ओढून घेतात, म्हणून सावलीतही माती बोटाने तपासून पाणी द्या.