नोड उभे करण्याआधी टॅगची उजळणी

एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) नवं कुबरनेटीस क्लस्टर, म्हणजे कंटेनरमधले प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशिनींचा (नोडांचा) गट, उभं करायचं ठरलं की मी आधी क्लस्टरचं नाव एका जागी लिहून ठेवतो, कॅपिटल-स्मॉल आणि हायफनसकट. पुढे प्रत्येक ठिकाणी ते तिथूनच कॉपी करायचं, हाताने टाइप करायचं नाही. टॅग म्हणजे क्लाउडमधल्या वस्तूला लावलेली चिठ्ठी, तिला एक 'की' आणि एक 'व्हॅल्यू' असते. क्लस्टरचं नाव टॅगच्या 'की'मध्येच बसतं: कुबरनेटीस डॉट आयओ, स्लॅश, क्लस्टर, स्लॅश आणि मग नाव. नवे लोक हमखास ते व्हॅल्यूमध्ये टाकतात. व्हॅल्यूत फक्त 'ओन्ड' किंवा 'शेअर्ड' लिहायचं. क्लस्टर गेलं की जी वस्तूही जायला हवी ती ओन्ड, आणि दोन-तीन क्लस्टरं मिळून वापरतात ती शेअर्ड. सामायिक सबनेटला (नेटवर्कच्या तुकड्याला) ओन्ड लावून ठेवू नका. साफसफाईची स्क्रिप्ट तुमच्या मनातलं वाचत नाही, टॅग वाचते.

आता ऑटोस्केलिंग ग्रुप, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारा-घटणारा मशिनींचा संच. नोड कमी-जास्त करणाऱ्या क्लस्टर ऑटोस्केलरला हा ग्रुप आपोआप सापडावा म्हणून त्यावर सहसा दोन टॅग लागतात: एक 'एनेबल्ड'चा आणि दुसरा क्लस्टरच्या नावाचा. त्या दुसऱ्यात मी एकदा पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं. नोड आले, सगळं हिरवं दिसलं. संध्याकाळी लोड वाढला आणि पॉड (नोडवर चालणारे कंटेनरचे गठ्ठे) जागेअभावी 'पेंडिंग'मध्ये अडकले. ऑटोस्केलरच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती, कारण त्याच्या लेखी तो ग्रुप अस्तित्वातच नव्हता. तीन तास मी आयएएम पॉलिसी, म्हणजे परवानग्यांचे नियम, उपसत होतो. ग्रुप शून्य नोडपर्यंत खाली जाणार असेल तर लेबल (नोडवरची ओळखीची खूण) आणि टेंट (नको ते पॉड दूर ठेवणारी खूण) यांसाठीचे 'नोड-टेम्प्लेट' टॅगही लावून घ्या. एकही नोड जिवंत नसताना नव्या नोडवर कोणती लेबल आणि टेंट असतील हे ऑटोस्केलर त्यावरून ताडतो.

ग्रुपवरचा टॅग इन्स्टन्सपर्यंत (नोडमागच्या व्हर्च्युअल मशीनपर्यंत) जायला 'प्रोपगेट ॲट लाँच' चालू हवं. तरीही तो ईबीएस व्हॉल्यूमपर्यंत, म्हणजे त्या मशीनच्या डिस्कपर्यंत, पोचत नाही. त्यासाठी लाँच टेम्प्लेटमध्ये (नवं मशीन कसं उभं करायचं त्याच्या साच्यात) इन्स्टन्सचे आणि व्हॉल्यूमचे टॅग वेगळे लिहावे लागतात. ईकेएसच्या (एडब्ल्यूएसच्या तयार कुबरनेटीस सेवेच्या) मॅनेज्ड नोड ग्रुपवर लावलेले टॅगही इन्स्टन्सवर उतरत नाहीत, तिथेही टेम्प्लेटच. आणि आज ग्रुपवर लावलेला टॅग कालच्या इन्स्टन्सवर आपोआप येत नाही. जुने नोड बदलून घ्या, नाहीतर हाताने लावा.

सबनेटचं काम थोडक्यात आटोपतं. बाहेरच्या लोड बॅलन्सरसाठी (येणारी ट्रॅफिक नोडांमध्ये वाटणाऱ्यासाठी) पब्लिक सबनेटवर 'ईएलबी' रोलचा टॅग, आतल्यासाठी प्रायव्हेट सबनेटवर 'इंटर्नल-ईएलबी'चा, दोन्हींची व्हॅल्यू 1. नेटवर्कचं टेराफॉर्म (क्लाउडची रचना लिहून ठेवणारा कोड) दुसऱ्या टीमकडे असेल तर हे टॅग त्यांच्याच कोडमध्ये टाकून घ्या. तुम्ही कन्सोलमधून लावलेत तर त्यांनी पुढच्या वेळी तो कोड लागू केला ('अप्लाय') की ते पुसले जाण्याची दाट शक्यता.

सिक्युरिटी ग्रुपचं (नोडकडे कोणती ट्रॅफिक येऊ द्यायची त्या नियमांच्या संचाचं) गणित उलटं आहे, इथे जास्त टॅग म्हणजे घोळ. नोडला दोन-तीन ग्रुप जोडलेले असतील तर क्लस्टरचा टॅग त्यांतल्या एकावरच हवा. दोघांवर दिसला की लोड बॅलन्सरसाठी नियम नेमके कुठे घालायचे हे लोड बॅलन्सर सांभाळणाऱ्या कंट्रोलरला ठरवता येत नाही आणि तो तिथेच अडतो.

हिशेबाचे टॅग (टीम, प्रोजेक्ट, एन्व्हायर्नमेंट) शेवटी लावा, पण बिलिंगमध्ये जाऊन ते ॲक्टिव्हेट करायला विसरू नका, नाहीतर खर्चाच्या रिपोर्टमध्ये ते दिसणारच नाहीत. एका रिसोर्सवर 50 टॅगांची मर्यादा आहे. एरवी ती जाणवत नाही, पण अनेक क्लस्टरांनी वापरलेल्या सबनेटवर प्रत्येकाचा एकेक टॅग साचत जातो.

सगळं झाल्यावर एक ताजा नोड उठवा आणि त्याचा इन्स्टन्स, व्हॉल्यूम, सिक्युरिटी ग्रुप आणि सबनेट यांचे टॅग कमांड लाइनवरून काढून शेजारी शेजारी ठेवा. लिहून ठेवलेलं नाव त्यात सर्च करा, केस-सेन्सिटिव्ह चालू ठेवून. मग आहेत त्या नोडवर उरलेल्या जागेत मावणार नाही एवढी मेमरी मागणारा पॉड सोडा आणि ऑटोस्केलर नवा नोड मागवतो का ते पाहा.