ब्लॅकलेटर शिकू इच्छिणाऱ्यांसाठी: आधी टाक, मग फाँट

उपयोजित कला शिकणारे विद्यार्थी ब्लॅकलेटरकडे, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या जाड, टोकदार रोमन अक्षरशैलीकडे, बहुधा एखाद्या प्रमाणपत्राच्या किंवा बोधचिन्हाच्या निमित्ताने वळतात आणि यादीत दिसेल तो पहिला फाँट उचलतात. ही अक्षरे अनेक वर्षे लिहिल्यानंतर माझे आग्रहाचे सांगणे असे की, या शैलीत काळ्या रेघेइतकेच महत्त्व तिच्या शेजारच्या पांढऱ्या जागेला आहे, आणि हाताने लिहिल्याखेरीज ती जागा डोळ्यांना उमगत नाही.

सुरुवात टेक्सचुरा या ब्लॅकलेटरच्या दाट, उभ्या रेघांच्या प्रकारापासून करावी. माइन्झ येथे गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास छापलेले 42 ओळींचे बायबल याच शैलीत आहे. रुंद टोकाचा टाक साधारण 45 अंशांत धरावा, लहान अक्षरांची उंची टाकाच्या रुंदीच्या पाचपट ठेवावी आणि पानभर केवळ उभ्या रेघा ओढाव्यात. अक्षराच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा रेघेच्या जाडीइतकीच राहिली पाहिजे. त्यानंतर ‘मिनिमम’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पाहावा. त्यात एकसारख्या पंधरा उभ्या रेघा येतात, आणि ‘आय’वरचे टिंब नसेल तर कोणते अक्षर कुठे संपते हे कळेनासे होते. देवनागरी सुलेखनाचा हात असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की, देवनागरीसाठी बोरूला दिलेला तिरका काप इथे उलट पडतो; सरळ कापाचा टाक घ्यावा, अन्यथा जाड आणि बारीक रेघांच्या जागाच बदलतात.

रोटुंडा आणि श्वाबाखर या ब्लॅकलेटरच्या इतर प्रकारांची तोंडओळख पुरे. फ्राक्टूर या प्रकाराला मात्र वेळ द्यावा, कारण तुटक रेघ आणि वळणदार रेघ यांचा इतका देखणा मेळ मला अन्य शैलींत आढळला नाही. सम्राट पहिल्या माक्सिमिलियनसाठी आउग्सबुर्गमध्ये 1513 साली छापलेल्या प्रार्थनापुस्तकात तिचे आरंभीचे रूप दिसते आणि पुढे शतकानुशतके जर्मन पुस्तके तिच्यात छापली गेली. तिला सरसकट नाझींची लिपी मानले जाते, परंतु त्याच राजवटीने 3 जानेवारी 1941 च्या परिपत्रकाने, ही अक्षरे ज्यूंची असल्याचा खोटा आरोप करून, तिचा वापर बंद केला. तरीही तो संशय आजच्या वाचकाच्या मनात असतो, त्यामुळे राजकीय आशयाच्या कामात ही शैली वापरण्यापूर्वी फार विचार करावा.

वृत्तपत्राचे शीर्षनाव, पदवीपत्र, बिअरच्या बाटलीवरील लेबल, पुस्तकाच्या प्रकरणाचे पहिले अक्षर, ही ब्लॅकलेटर शैलीची हक्काची ठिकाणे आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे शीर्षनाव मोठे करून पाहिले तर थोड्याच अक्षरांत केवढा भारदस्तपणा मावतो, हे लक्षात येते. सलग मजकुरासाठी आजच्या वाचकाला ती जड जाते. संपूर्ण शब्द कॅपिटल अक्षरांत कधीही जुळवू नये. ही नक्षीदार अक्षरे शब्दारंभी एकेकटी येण्यासाठीच घडलेली आहेत, आणि शेजारीशेजारी ठेवली की शब्द वाचताच येत नाही. जर्मन मजकूर जुळवायचा असल्यास फाँटमध्ये लांब ‘एस’ (शब्दाच्या सुरुवातीला व मध्ये येणारे ‘एस’चे जुने, उंच रूप) आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच तपासावे, आणि अक्षरांतले अंतर वाढवताना ‘सीएच’, ‘सीके’ व ‘टीझेड’ या जोड्या फोडू नयेत.